वहीतलं जेवण

आमच्या ह्यांनी अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत एकही पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. पोस्टमन म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पण माणूस एका कागदावर खरा असला म्हणजे सगळ्याच कागदांवर खरा असतो असं नाही. आणि हे मला, शाळेत गणित शिकवून ढिगांनी वह्या तपासणाऱ्या बाईला, दीड महिना कळू नये? अजून राग येतो स्वतःचा.

झालं असं की ह्यांचा उजवा गुडघा गेला. आधी जिन्यावर कुरकुरायचा, मग सपाट रस्त्यावर, आणि एका सकाळी पिशवी खांद्याला लावून उभे राहिले ते उभेच राहिले. पोस्टाने त्यांना आत खिडकीत बसवलं, तिकिटं विकायला. त्यांच्या भागात बदली माणूस फिरू लागला. साहेब म्हणाले, वर्षअखेरपर्यंत चालते झालात तर भाग तुमचा, नाहीतर कायमचा त्याचा. सर्जन म्हणाले, गुडघा बदलू, पाच महिन्यांनंतरची तारीख धरून ठेवतो, पण तोवर सहा किलो उतरले पाहिजेत. नाही उतरले तर तारीख दुसऱ्याला आणि तुम्ही रांगेच्या शेवटी. रांग वर्षभराची होती.

हे रोज घरी येऊन विचारायचे, "गल्लीच्या टोकाच्या आजींना पत्रं मिळत असतील का गं? त्यांची पेटी मागच्या दाराला आहे, त्या नव्याला कुठून माहीत असणार?" मी म्हणायचे, मिळत असतील. पण मला कळत होतं, भाग गेला तर हा माणूस खिडकीत बसून वाळून जाणार. वजनाने नाही, मनाने.

दवाखान्यात आहाराचं बघणारी म्हणून जी समोर आली, तिला पाहून मी हबकलेच. माझीच विद्यार्थिनी. साताचा पाढा म्हणायला उभी केली की हिच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. वर्गात सगळे तिला रडकी म्हणायचे आणि मनातल्या मनात मीही. आता रडकीच्या नाकावर चष्मा होता आणि टेबलावर पुठ्ठ्याचं ताट.

"काका, सोप्पं आहे," ती म्हणाली. "अर्धं ताट भाज्या. उरलेल्यातला अर्धा भाग प्रथिनं, म्हणजे डाळ, अंडी, मासे, दही, जे आवडेल ते. बाकीच्या जागेत कर्बोदकं, म्हणजे भात किंवा ब्रेड किंवा बटाटे. किंवा म्हटलंय मी, आणि नाही म्हटलेलं. तेल-लोणी दिवसाला तीन चमचे. तेही पूर्ण सोडायचं नाही, शरीराला चरबी लागते. आणि प्रथिनं चुकवायची नाहीत, वजन उतरवायचंय, स्नायू नाही. जे खाल ते रोज वहीत लिहा."

ह्यांनी मान अशी डोलावली की जणू आयुष्यभर दुसरं काही खाल्लंच नव्हतं.

दीड महिन्याने काट्यावर उभे राहिले. तीनशे ग्रॅम वाढलेले. रडकीने वही उलटसुलट वाचली. वहीत एक डाग नाही. कोबी, मसूर, गाजर, अर्धी वाटी भात. तिने पेन्सिल घेतली, अर्ध्या वाटीची पाव वाटी केली, तीन चमच्यांचे दोन केले, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, राग मानू नका. फोडणीचं तेल तुम्ही मोजून घालता ना? की अंदाजे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला सात चोक अठ्ठावीस यायला एक वर्ष लागलं, ती मला विचारते मोजता येतं का. वही उचलली, पर्समध्ये टाकली आणि घरी येऊन दिव्याखाली धरली.

आणि मग माझंच मला हसू आलं. सोमवार ते रविवार एकच शाई, एकच उतार, अक्षर सोमवारी ताठ आणि शनिवारपर्यंत कंटाळून आडवं झालेलं. रविवारी संध्याकाळी एका बैठकीत पाडलेला गृहपाठ. वर मंगळवारच्या नावाखाली लिहिलेलं, 'वाफवलेला पालक, मीठ नाही.' मीठ सोडायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. खोटं लिहिणारी पोरं अशीच अडकतात, नको तिथे जास्तीचं लिहून.

बरं, मग हे खात कुठे होते? ते शोधायला फार हिंडावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोस्टात गेले आणि फॉर्मच्या टेबलाशी पाठमोरी उभी राहिले. तासाभरात खिडकीतून आत काय काय गेलं म्हणून सांगू. केक, तळलेले बटाटे, साखरेची बिस्किटं. इतकी वर्षं ज्या दारांत ह्यांना चहा मिळायचा, ती सगळी दारं आता खिडकीशी येत होती. "पायाला जरा बरं आहे का?" विचारायचं आणि डबा पुढे सरकवायचा. आणि आमचे पोस्टमन कुणाचं काही परत पाठवत नाहीत, सवयच नाही.

भांडले असते तर दोन दिवसांत विषय संपला असता. मी भांडले नाही. मी वही ओट्यावर उघडी ठेवली आणि ह्यांनी मागच्या आठवड्यात जे 'खाल्लं' होतं, ते या आठवड्यात वारावारी शिजवायला सुरुवात केली.

सोमवारी उकडलेला कोबी पाहून ह्यांनी भुवया वर केल्या. मंगळवारी पालकाचा घास तोंडात फिरवत म्हणाले, "मीठ विसरलीस का गं?"

"विसरले नाही. मंगळवार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओट्यावरच्या वहीकडे पाहिलं आणि मुकाट्याने दुसरा घास घेतला. आपल्याच हस्ताक्षराशी कोण भांडणार? बुधवारी दोन अंड्यांचा नुसता पांढरा भाग. गुरुवारी कच्चं गाजर इतक्या वेळ चावत होते की मला वाटलं आता रेडिओ लावावा. मी आपली ओट्यापाशी उभी, तोंडात पदर कोंबून हसत होते. किती दिवसांनी इतकी मजा येत होती.

पण हेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. रविवारी संध्याकाळी वही घेऊन बसले, पेनाचं टोपण चावलं आणि लिहिलं, 'सोमवार. लोण्यात परतलेले बटाटे.' वही माझ्यासमोर ठेवली आणि हात बांधून बसले. म्हणजे डाव कळला होता तर.

"करीन की," मी म्हटलं. "पण ही वही ती पोरगीही वाचते."

हात सुटले. मग तिने दिलेला, पुठ्ठ्याच्या ताटाचं चित्र असलेला तक्ता शोधला, पेन्सिल घेतली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना आपणहून गणित सोडवताना पाहिलं. बटाटे ठेवायचे तर भात आणि ब्रेड दोन्ही बाद. लोणी एक चमचा गेलं, म्हणजे दिवसभरात एकच उरला. मग मासा वाफवलेला चालेल. अर्ध्या ताटाला फरसबी आणि टोमॅटो, मीठ घालून. हे 'मीठ घालून' दोनदा अधोरेखित केलं होतं.

मी जसंच्या तसं केलं. ह्यांनी ताट पुसून खाल्लं आणि भूक भागली म्हणाले. पोटाला मासा लागला होता, भाजी लागली होती, नुसतं गाजर चघळत बसावं लागलं नव्हतं.

मग तो रोजचा खेळच झाला. आदल्या संध्याकाळी हे बेत लिहायचे, मी तपासायचे, चुकलं तिथे खूण. "दोन वाट्या दही आणि चीज आणि अंडी? प्रथिनांचं दुकान काढायचंय का?" हे खोडायचे, पुन्हा लिहायचे. एका बुधवारी घरी येऊन माझ्याशी न बोलता आधी वही उघडली आणि लिहिलं, 'दुपारी चार. केक, एक तुकडा, टोकाच्या आजींकडून. म्हणून संध्याकाळचा भात बंद.'

"हे कशाला लिहिलंत?" मी विचारलं. "मला कळलंही नसतं."

"लिहिलं नाही तर वजा कशातून करू?"

खरं सांगते, चाळीस पोरांच्या वर्गात हे एकाच्या तोंडून ऐकायला मिळालं तरी मी वर्ष सार्थकी लागलं म्हणते. मी तोंडावर कौतुक केलं नाही. डोक्यावर बसले असते.

पुढच्या दीड महिन्याने काटा साडेचार किलो खाली आला होता. मी रडकीकडे अशी पाहत होते, की आता विचार गं तेलाचं. पण ती वही वाचत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता.

"काका, आधीच्या पानांवर तुम्ही माझा तक्ता तंतोतंत पाळलात आणि वजन वाढलं. आता लोणी आहे, बटाटे आहेत, केकसुद्धा आहे, आणि वजन उतरतंय. म्हणजे तक्ताच चुकलाय माझा." तिने चष्मा काढला. "तोच तक्ता मी आणखी चौदा जणांना दिलाय. आजच सगळ्यांना फोन करते, बंद करा म्हणून."

तिच्यासमोर सर्जनचा फॉर्म होता. मला उलटा वाचता येतो, शिक्षकांना येतोच. 'रुग्णाने सूचना पाळल्या का? हो / नाही.' खाली तिची सही. 'नाही'वर खूण झाली की तारीख गेली, तारीख गेली की भाग गेला. लाज वाटते सांगायला, पण मी टेबलाखालून ह्यांचा पाय दाबला. चांगला पाय. गप्प बसा म्हणून.

ह्यांनी पाय काढून घेतला.

"बेटा, तुझा तक्ता बरोबर आहे," ते म्हणाले. "पहिली सगळी पानं खोटी आहेत. मी त्यातलं काही खाल्लेलं नाही. चौदा घरांत माझ्यामुळे चुकीचा निरोप जायला नको."

ती माझ्याकडे वळली. "बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"दीड महिन्यापासून," मी म्हटलं. आवाज माझा मलाच साताचा पाढा अडकल्यासारखा वाटला.

तिने पेन उचललं. तिने 'हो'वर खूण केली, शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'गेल्या दीड महिन्यात'. सही मात्र केली नाही. पेन पुढच्या रकान्यावर ठेवलं. घरी काळजी घेणारी व्यक्ती.

"ऑपरेशननंतर सहा आठवडे ह्यांना उठवायचं, बसवायचं, तोल गेला तर धरायचं. ते तुम्हीच करणार ना? काट्यावर या, बाई."

मी उभी राहिले. तिने आकडा पाहिला आणि तो मोठ्याने वाचलासुद्धा नाही.

"काल दुपारी काय जेवलात?"

"पालेभाजी, वाटीभर डाळ, थोडा भात, दही," मी एका दमात म्हटलं. "लोणी एक चमचा."

"चहा," हे म्हणाले. "आणि माझ्या ब्रेडच्या कापलेल्या कडा. ओट्यापाशी उभ्याने. मोजून माझ्यापुरतंच शिजवते ही, आणि मग उरलेलं खाते. उरत काही नाही."

जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं असं झालं मला. मी ह्यांच्याकडे रागाने पाहिलं, तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

रडकीने खणातून कोरी वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "काकांचे दोन किलो उतरायचेत, तुमचे तीन चढायचेत. तुमचे चढले तर सही. नाहीतर दोघंही पडाल, उचलायचं कुणी?"

म्हणजे तारीख आता माझ्या ताटावर येऊन बसली. जिला मी अंगठे धरून उभी केली होती, तिने.

घरी आल्यावर ह्यांनी टेबलावर दोन ताटं मांडली, दोन्ही सारखी. मी भांड्यांकडे वळले तर म्हणाले, "बस आधी. तू बसल्याशिवाय मी घास घेणार नाही." मी बसले. समोरासमोर बसून जेवलो. अन्नातून वाफ येत होती. संसाराला तीस वर्षं झाली, पण माझ्याच हातचं जेवण गरम असताना कसं लागतं ते मला माहीत नव्हतं. चांगलं लागत होतं. मी भात दुसऱ्यांदा घेतला, ह्यांनी वाढला, आणि तो मी वहीतही लिहिला. रडले ते मात्र लिहिलं नाही. सगळंच त्या पोरीला कशाला सांगायचं.