टाऊन हॉलचं सानं

आमचा टाऊन हॉल व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. बाहेरून बघावं तर दगडी कमानी, वर टोकदार मनोरा. आत मात्र वैशाखात भट्टी. तिथेच मी बायकांना शिवणकाम शिकवते. परवा त्यांच्यातली रुचिका मशीनवरच भोवळ येऊन पडली आणि पालिकेचे साहेब माझ्यावर डाफरले, "गजालाबाई, सोमवारी कुलूप लावतो. उद्या कोणी मेलं म्हणजे?" दुसरी जागा देतील? त्याचं नावच नको! माझं डोकंच फिरलं.

म्हसावदची कौसाबाई काजं करता करता म्हणाली, "बाई, याले सानं कसं नही? आमना धाबाले बी वर सानं शे, गरम हवा निंघी जास."

"अगं बये, हे इंग्रजांनी बांधलंय, तुझं मातीचं धाब्याचं घर नाही, छताला झरोका ठेवायला!" मी खेकसले. पण मनात किडा वळवळलाच. डोक्यावर होतं थर्माकोलचं छत, कुण्या पुढाऱ्याच्या सत्कारासाठी ठोकलेलं. इंग्रज कुठे थर्माकोल ठोकायला आले होते?

रविवारी माझा नवरा जाहिद, रंगारी, शिडी घेऊन आला. "पालिका मला आत टाकेल," अशी कुरकुर करत त्याने पहिला तुकडा ओढला. कबुतरांची घाण बदाबदा अंगावर. मग दुसरा ओढला, तिसरा ओढला, आणि खाली जमलेल्या आम्हा बायकांच्या माना वर झाल्या.

या अल्लाह! वर आणखी एक अख्खी इमारत होती. सागाच्या थोराड तुळया नमाजातल्या माणसांसारख्या ओळीने वाकलेल्या, आधाराला एक खांब नाही. भिंतींच्या माथ्याला रंगीत काचा. आणि मधोमध, मनोऱ्यात उघडणारं हे एवढं मोठं सानं! जाहिदने त्याची झापडं ढकलली तशी खालच्या कमानींतून झुळूक आत शिरली. पसरलेल्या पांढऱ्या कापडावर लाल-निळा उजेड पडला. मला तर रडूच आलं. इतकी वर्षं आम्ही याच्याचखाली उकडून निघत होतो!

"सांगं व्हतं ना मी!" कौसाबाई म्हणाली.

सोमवारी साहेब कुलूप घेऊन आले. वर पाहिलं, तोंड उघडं ते उघडंच. "काय देखणं आहे हो हे! इथे आता पाहुण्यांसाठी सभागृह करू. तुम्ही सामान हलवा."

कौसाबाई उठली.

"साहेब, उकडे तवय आमनं, आते थंड व्हयनं तं तुमनं?"

साहेबांनी पुन्हा वर पाहिलं, खाली रुचिकाच्या मशीनकडे पाहिलं आणि कुलूप खिशात घातलं. मग हळूच म्हणाले, "बसा तुम्हीच. मला फक्त अधूनमधून बघायला येऊ द्या."

"या की," मी म्हणाले. "पण बूट बाहेर काढून."