भिंगरीवर पाळत ठेवणारं कुलूप

मित्रांनो, मी एक जुनं पितळी कुलूप आहे. जरा लांबूनच ऐका, हात लावू नका. कोण कशासाठी जवळ येतं हे मला अजूनही कळत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. कारागिराने माझ्या पोटातल्या पट्ट्या कानशीने घासून बसवल्या, तीनदा किल्ली फिरवून पाहिली आणि म्हणाला, "कुणावर विश्वास ठेवू नकोस, बाबा. त्यावरच तुझं पोट आहे." हा उपदेश मी गाठीला बांधला.

पुढे शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला मला लावलं. कपाटाला काचेची दारं होती. आत कोरी पुस्तकं आणि मधल्या खणात लाकडी घोडीवर विज्ञानाचं पुस्तक उघडं मांडलेलं, तपासणीच्या साहेबांना दिसावं म्हणून. हेडसर पाहुण्यांसमोर मला थोपटत. "याच्या जिवावर आमच्या इथलं एक पान फाटलेलं नाही," असं म्हणत. मी फुगून जायचो.

पुस्तक घरी न्यायचं तर पालकांनी अर्ज भरायचा. त्यात एक रकाना होता, 'पुस्तक ठेवण्याची जागा'. कुणी कपाट लिहिलं, कुणी टेबल, कुणी थाप मारून दोन्ही. इस्त्रीवाल्या बाईने खरं ते लिहिलं, 'जागा नाही'. तिच्या एका खोलीत इस्त्रीचं टेबल, लोकांच्या कपड्यांचे गठ्ठे आणि तीन माणसं. तिचा अर्ज परत आला.

तिची मुलगी भिंगरी. एका जागी ठरत नसे म्हणून हे नाव पडलं. पण मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर खांबासारखी उभी राही. नाक काचेला टेकलेलं, ओठ हलत असलेले. मी म्हटलं, इथे काहीतरी पाणी मुरतंय.

त्यात शिपाईमावशीची भर. धूळ पुसण्यापुरती किल्ली तिला रोज सकाळी मिळे. ती फडकं फिरवायची आणि हळूच त्या उघड्या पुस्तकाचं एक पान उलटायची. एकदा भिंगरी कुजबुजली, "मावशी, मधल्या सुट्टीतही एक पान उलटा ना. परीक्षा आली."

"किल्ली सकाळीच मिळते गं मला. जेवढं दिसतंय तेवढं पाठ कर."

मला हा सरळसरळ कट वाटला. बोलता आलं असतं तर तेव्हाच चुगली केली असती. भिंगरी मागच्या वर्षी विज्ञानात नापास झाली होती. यंदाही झालीस तर शाळा बंद आणि इस्त्री हातात, असं आईने बजावलं होतं. हे सगळं तिने माझ्यासमोरच मावशीला सांगितलं. माझं मन द्रवलं नाही. चोराला रडगाणं येतंच, असं मी समजलो.

पान बदलतं हे एक दिवस हेडसरांच्या लक्षात आलं. संशयी माणूस आणि संशयी कुलूप, आमचं छान जमलं. "कुणाचा तरी हात फिरतोय," ते म्हणाले आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. पुस्तक बेचाळीस-त्रेचाळीस पानांवर थांबलं. भिंगरी कित्येक दिवस तीच दोन पानं वाचत राहिली आणि मग यायचीच बंद झाली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

ती नापास झाली. निकालानंतर पालकांची सभा माझ्यासमोरच भरली. "काही मुलांना अभ्यासाची ओढच नसते," हेडसर म्हणाले. चहाचे कप गोळा करणारी शिपाईमावशी जागीच थांबली.

"सर, पान मी उलटत होते. काढायचं तर मला कामावरून काढा. पण त्रेचाळीस पानांपर्यंतचं त्या पोरीला अक्षर न् अक्षर येतं. पुढचं तिनं पाहिलंच नाही."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मावशी."

"सारखा कसा? थापा मारणाऱ्यांना पुस्तक मिळालं. तिच्या आईनं खरं लिहिलं, तर शिक्षा पोरीला!"

काही माना खाली गेल्या. मग एक शिंपी उठला. "माझ्याही घरी कपाट नाही, सर. खोटं लिहिलं होतं. पुस्तक पोराच्या उशाखाली असतं, आणि धड आहे."

हेडसरांनी अर्जांचा गठ्ठा पुढे ओढला. मग त्यांनी तो रकाना खोडला, मला उघडलं आणि ते पुस्तक मावशीच्या हातात दिलं. मला त्या दिवशी माझीच लाज वाटली.

मावशी तशीच भिंगरीकडे गेली. परत येऊन तिने माझ्यासमोरच हेडसरांना सांगितलं. भिंगरीने हात पुसून पुस्तक घेतलं, चव्वेचाळिसावं पान काढलं आणि उभ्याउभ्या वाचू लागली. "कपडे आजच द्यायचेत," आई म्हणाली. भिंगरीने पुस्तक मिटून मावशीला परत दिलं.

संशय मी अजूनही घेतो, पण आता मुलांचा नाही. खरं बोलणाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या अर्जांचा घेतो.

शाळा पुन्हा सुरू झाली आहे आणि भिंगरीची जागा रिकामी आहे. मावशी रोज संध्याकाळी तिच्या आईची समजूत घालायला जाते. आई अजून नाहीच म्हणते. मित्रांनो, मावशी एकटीच जाते. तुमच्यापैकी कुणी तिच्याबरोबर जाईल का?