दही लागेपर्यंत

झोर्नित्साने बाबाचं पोट ताब्यात घेतलं ते तो घरी आला त्याच सकाळी.

कामेन ट्रक चालवायचा. बल्गेरियात माल भरायचा, जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम पालथं घालायचा आणि मनात आलं की नव्हे, मालकाच्या मनात आलं की त्र्याव्ना गावातल्या घरी उगवायचा. या खेपेला उगवला तो पोटावर हात दाबूनच. डॉक्टर झाहारिएवांनी तपासलं. जठरात जखम आहे म्हणाल्या. "औषध देते, पण नुसत्या औषधाच्या जिवावर राहू नका. वेळेवर जेवा, बसून जेवा, चावून खा. सिगरेट बंद, कॉफी कमी, झोप पुरी. नाहीतर एक दिवस ती फुटेल, आणि कुठल्या रस्त्यावर फुटेल ते मला इथे बसून सांगता येणार नाही."

कामेनने हे सगळं, पोलिसाने पावती फाडताना केलेला उपदेश ऐकावा तसं ऐकून घेतलं.

पण घरात झोर्नित्सा होती ना! वर्गात नुसतं नाव पुकारलं तरी जिचे कान लालबुंद व्हायचे, ती पोरगी यंदा शाळेच्या भरल्या सभागृहात आतड्यांवर बोलली होती. मोठं आतडं दोन्ही हात पसरून दाखवलं तेव्हा पोरं खिदळली. मग तीही खिदळली आणि पुढे बोलत राहिली. तेव्हापासून तिला वाटायचं, आता आपल्याला न जमण्यासारखं जगात काही उरलेलं नाही. सगळ्या शाळेला पोट समजावून सांगितलं, तर घरातलं एक पोट ताळ्यावर आणणं म्हणजे किस झाडकी पत्ती!

"बाबा, बस."

"बेल्जियमपासून बसूनच आलोय. उभा राहू दे की जरा."

"खाताना बसायचं. आणि गिळतोयस काय बदकासारखा? दात कशाला दिलेत?"

"तुझ्यावर काढायला."

ओट्यापाशी आई हसायला लागली. मिल्का हसली की तिचे खांदे आधी हसायचे. "लग्न झाल्यापासून मला जे जमलं नाही, ते ही करणार म्हणे."

"तू लाड केलेस त्याचे. नीट चावून खा, बाबा. हळू. मी बघतेय."

कामेनच्या खिशात खडूसारख्या पांढऱ्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. छातीत जळजळलं की एक गोळी दाढेखाली. कडकन. झोर्नित्साने बाबाचा आवाज लहानपणापासून फोनवरच जास्त ऐकला होता आणि त्या आवाजाच्या मागे नेहमी ही कडकड असायची. तिने पट्टी काढून कपाटावर ठेवली, डॉक्टरांची औषधं तेवढी टेबलावर मांडली, आणि राखदाणीत तुळशीचं रोप लावून टाकलं.

मग दही. विरजण शेजारच्या त्सोना मावशीकडचं. दूध उकळायचं, निववायचं, करंगळी बुडवून बघायची. चटका बसला पाहिजे पण सोसवला पाहिजे. विरजण घालून मडकं बाबाच्या जुन्या घोंगडीत गुंडाळायचं आणि चुलीच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचं. त्यानंतर स्वयंपाकघरात झोर्नित्साचं राज्य. दार आपटायचं नाही. खुर्ची ओढायची नाही. मडक्याला हात लावायचा नाही.

"जरा बघू का, लागलंय का ते?" कामेन.

"हलवलंस की मोडेल! दही लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नसतो."

"या घरात दह्याला मिळते तेवढी झोप मला मिळाली असती ना, झोरा, तर मला कसली जखम झाली नसती."

सगळे हसले. झोर्नित्सा सगळ्यात मोठ्याने हसली.

आणि काय सांगावं, जमलं की! बाबा सकाळी टेबलाशी बसायला लागला. दुपारी काकडी, लसूण, अक्रोड घातलेलं गार दह्याचं सूप वाटी तिरकी करून संपवायला लागला. संध्याकाळी जेवून दोघं रमतगमत वरच्या झऱ्यापर्यंत चालत जायची. वाटेत कुणी विचारलं, "काय कामेन, बरं का?" तर तो लेकीकडे बोट दाखवायचा. "हिला विचार. पोट हिच्याकडे आहे." कपाटावरच्या पट्टीवर धूळ बसली. झोर्नित्साने ती मुद्दाम पुसली नाही.

मग मालकाच्या ऑफिसातून फोन आला. एक ड्रायव्हर आजारी पडला होता. सुट्टी राहिली होती, पण गाडी कशी राहणार?

"नाही म्हण," झोर्नित्सा म्हणाली.

कामेन बूट घालत होता.

"बाबा, नाही म्हणून सांग. मी बोलू का त्यांच्याशी? दे फोन. मी बोलते!"

"तू बोलशील गं. छान बोलशील." त्याने नाडी आवळली. "आणि ते छान ऐकून घेतील आणि गाडी दुसऱ्याला देतील. मग?"

झोर्नित्साने आईकडे पाहिलं. मोजे विणायचा कारखाना बंद पडल्यापासून आई घरीच होती. या वेळी तिचे खांदे हलले नाहीत.

बरं तर बरं. ट्रकमध्ये गॅसची छोटी शेगडी होती, बारका फ्रिज होता. झोर्नित्साने मडकं दिलं, घोंगडी दिली, बरणीत विरजण दिलं. "रात्री गाडी उभी असते ना? मग झालं तर! तू झोप, ते लागेल. सकाळी बसून खायचं."

"चावून," कामेन म्हणाला.

"दही कुणी चावतं का?" ती म्हणाली, आणि मग ती रडली.

पहिला फोन ऑस्ट्रियातून आला. "लावलं होतं गं. पण मध्येच खिडकी ठोकली. म्हणे, गाडी पुढे घ्या, माल उतरवायला जागा झाली. पुढे घेतली. पाणी वेगळं, गोळे वेगळे."

"काही हरकत नाही! त्यातलंच चमचाभर विरजण ठेव. उद्या लांबची जागा बघ, कोपऱ्यातली."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली काय, कुठलीच जागा मिळाली नाही. ट्रक उभे करायचे तळ भरलेले, गाड्या रस्त्याच्या कडेपर्यंत आलेल्या. शेवटी शिरला तो माल गार ठेवणाऱ्या बर्फगाड्यांच्या मधोमध. त्यांची यंत्रं रात्रभर घरघरत होती आणि त्याच्या पलंगासकट सगळं थरथरत होतं.

"मग मडकं मांडीवर घेऊन बसायचंस," झोर्नित्सा म्हणाली आणि आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. मडकं मांडीवर घेऊन बसला असता तर झोपला कधी असता?

नंतर फोनच नाही. ती रोज शाळेतून येऊन विचारायची, आई नकारार्थी मान हलवायची. औषध घेत असेल ना? घेत असेल. जेवत असेल ना? आई ओटा पुसायला घ्यायची. आधीच पुसलेला.

फोन आला तेव्हा झोर्नित्सा घोंगडी नसलेल्या दुसऱ्या मडक्यावर आपला स्वेटर गुंडाळत होती.

"बाबा! लागलं का?"

"झोरा, विरजण संपलं गं."

"संपलं कसं? चमचाभर ठेवायचं असतं की!"

"ठेवलं होतं. काल दिवसभर काही मिळालं नाही. ते खाल्लं मी."

झोर्नित्साने तोंड उघडलं. त्सोना मावशीचं विरजण पाठवते, कुणाबरोबर पाठवते, ट्रकवाला कोण जातोय. सगळं जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. पाठवलं तरी ते लागणार कुठे? त्या सबंध रस्त्यावर एक मडकं रात्रभर न हलता राहील एवढी जागा नव्हती. भरल्या सभागृहात तिने हात पसरले होते. इथे पसरायला काही नव्हतंच.

"दुखतंय का?"

"नाही गं. तू अभ्यास कर."

"खरं सांग."

पलीकडे गाड्या जात होत्या. एक, मग दुसरी. मग फोनच्या अगदी जवळ, ती जन्मापासून ओळखत होती तो आवाज आला.

कडकन.

कपाटावर धूळ बसलेली पट्टी तशीच होती. त्याने नवीन घेतली होती.

"हळू, बाबा," झोर्नित्सा म्हणाली. "नीट चावून खा."