हवा जाते कुठून

जुना झालो आहे मी, मित्रांनो, आणि तुम्ही मला कधी पाहिलेलंही नसेल. मोठ्या गाडीच्या डिकीखाली, सुट्या चाकाच्या शेजारी मी बसवलेला असतो. मला कॉम्प्रेसर म्हणतात. बहुतेक गाड्यांच्या चाकांवर पोलादी स्प्रिंगा असतात. आमच्या गाडीला त्याऐवजी हवेच्या चार रबरी पिशव्या आहेत, आणि त्यांत हवा भरून गाडी उचलून धरणं हे माझं काम. हे काम करता करता मला माणसं कळतात. चेहऱ्यावरून नाही, वजनावरून. कोण कुठल्या चाकावर बसलं, ऐसपैस बसलं की अवघडून, हे मला लगेच समजतं.

माझी पहिली आठ वर्षं पुण्यात एका बिल्डरकडे गेली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. ते वजनाने भरपूर होते आणि सतत फोनवर असत, एवढंच. मग आमची गाडी नांदेडला वसंतरावांकडे आली. वसंतराव म्हणजे हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या मुलाने, अंबरीशने, ही जुनी गाडी खास आईसाठी घेतली होती. सरोजिनीबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. खड्ड्यातला एक दणका बसला तरी त्या चार दिवस अंथरुणावर पडत. आणि त्यांना लातूरला तर जायचंच असे.

लातूरला त्यांची थोरली बहीण होती. सगळे तिला आक्का म्हणत. आई लवकर गेली तेव्हा सरोजिनीबाईंच्या वेण्या आक्कांनीच घातल्या, बोट धरून शाळेत त्यांनीच सोडलं. आता त्याच आक्कांना विसर पडत चालला होता. आधी दुधाखालचा गॅस विसरल्या, मग नातवंडांची नावं. फोन त्या उलटा धरत. डॉक्टर म्हणाले होते, भेटत राहा, खंड पडला की चेहरा निसटेल. म्हणून दर पंधरा दिवसांनी शनिवारी आम्ही निघायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. रस्ता कसाही असो, मागच्या सीटपर्यंत दणका पोहोचू द्यायचा नाही, हा माझा नेम होता.

आक्का अंगणातच वाट बघत उभ्या असत. सरोजिनीबाई उतरायच्या आत आक्काच उजव्या दाराने गाडीत शिरत आणि बहिणीशेजारी बसत. मागच्या उजव्या चाकावर बेचाळीस किलो. "सरू, हिला वर करायला सांग गं," त्या म्हणत. मग आमचा ड्रायव्हर बालाजी बटण दाबी, मी हवा भरी आणि दोघी म्हाताऱ्या बसल्या जागी हळूहळू वर जात. इतक्या हसत, की गाडी हलायची. मित्रांनो, त्या हसण्याचं वजनही मला कळायचं. तेवढ्यासाठी मी पंधरा दिवस वाट पाहायचो.

आता वसंतरावांविषयी सांगतो, आणि जरा चिडूनच सांगतो. माणूस चांगला, पण कौतुकाचा फार भुकेला. लोह्याजवळ त्यांची थोडी शेती आहे. ग्यानोबा ती बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने करतात. ज्वारीची रास झाली त्या दिवशी वसंतराव गाडी घेऊन शेतात गेले. ज्वारी टेम्पोने येणार होती, गाडीत न्यायची काही गरजच नव्हती. पण जमलेल्या माणसांना गाडीची करामत दाखवायचा मोह त्यांना आवरला नाही. त्यांनी ज्वारीने भरलेला पन्नास किलोचा एक कट्टा डिकीत टाकायला लावला. गाडी मागून बसली. मी हवा भरली, गाडी वर आली. माणसं बघतच राहिली.

"अजून एक टाका," वसंतराव म्हणाले.

दोनाचे तीन झाले, तिनाचे चार. मागची सीट पाडली गेली. दर वेळी गाडी बसे आणि दर वेळी मी तिला उचली. सहाव्या कट्ट्याला ग्यानोबा पुढे आले. "मालक, आता बास करा. ढोरालाबी दम लागतो."

वसंतराव हसले. "ग्यानोबा, हिला दम लागत नाही."

दम मला लागत होता. पण मला तोंड कुठे आहे? ते तीन क्विंटल ओझं घेऊन आम्ही गाडीवाटेने निघालो, आणि पहिल्याच चाकोरीत मागची डावी पिशवी घडीवर चिरली. चीर केसाएवढी होती. हवा त्यातून निघून जायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी सकाळी डावीकडे बसलेली दिसू लागली. बालाजीने इंजिन चालू केलं की मी हवा भरत सुटायचो. पूर्वी अर्ध्या मिनिटात उरकणारं काम पाच-पाच मिनिटं चाले. मी तापायचो, बंद पडायचो, गार झालो की पुन्हा सुरू व्हायचो. मी भरायचं आणि पिशवीने सोडायचं! शेवटी ड्रायव्हरसमोरच्या काचेमागे पिवळा दिवा लागला आणि गाडी गॅरेजमध्ये गेली.

तिथल्या मेकॅनिकने बिघाड शोधायचं मशीन लावून पाहिलं. मशीन म्हणालं, कॉम्प्रेसर प्रमाणाबाहेर चालतो आहे. खरंच होतं ते. पण का चालतो, हे मशीनने सांगितलं नाही. मेकॅनिकने वसंतरावांना विचारलं, गाडीत जास्त वजन टाकलं होतं का? अंबरीशने गाडी देताना बजावलं होतं की हिच्यात ओझं भरू नका. वसंतरावांना ते आठवलं असावं.

"छे. आम्ही दोघं म्हातारी माणसं," ते म्हणाले. "फार तर भाजीची पिशवी असते."

चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस! माझ्या डोक्यावर, डिकीच्या तळाशी अजून ज्वारीचे दाणे घरंगळत होते. मेकॅनिकने मला बाहेर काढायला डिकी मोकळी केली, दाणे हाताने झटकून टाकले आणि कामाला लागला. बालाजी शेजारी उभा होता. तो शेतातही होता. मालकासमोर तो काय बोलणार?

धापा टाकणारा मी होतो, म्हणून दोषीही मीच ठरलो. मला फळीवर जुन्या बॅटऱ्यांशेजारी ठेवलं आणि हैदराबादहून दुसरा कॉम्प्रेसर मागवला. तो यायला तीन आठवडे गेले. तो बसवला आणि चौथ्याच दिवशी, लातूरची फेरी होण्याआधीच तोही जळाला. काळाठिक्कर पडलेल्या त्या बिचाऱ्याला माझ्या शेजारी आणून ठेवलं. काय झालं हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, पण सांगायचं कुणाला?

इकडे एकेक शनिवार वाया चालला होता. बालाजी गॅरेजमध्ये चौकशीला यायचा, तेव्हा मला बातमी कळे. सरोजिनीबाई एकदा भाड्याच्या गाडीने निघाल्या होत्या. लोह्यापर्यंतच पोहोचल्या आणि तिथून आडव्या पडून परत आल्या. लातूरहून फोन येत, आक्का रोज अंगणात जाऊन उभ्या राहतात म्हणून. मग, कमी वेळा जातात म्हणून. नंतर त्या जाईनाशा झाल्या. मी फळीवरून सगळं ऐकत होतो. मित्रांनो, मला हवा भरण्यापलीकडे काही येत नाही, आणि तेव्हा तेवढंही करता येत नव्हतं.

अडीच महिन्यांनी बालाजीच हट्टाने गाडी, मला आणि वसंतरावांना ईश्वरप्पांच्या शेडवर घेऊन गेला. हे उदगीरकडचे वयस्कर मिस्त्री. त्यांनी मशीनला हात लावला नाही. आधी विचारलं, गाडी रोज कुठल्या बाजूने बसते? मग मला तात्पुरतं जोडून थोडी हवा भरून घेतली, एका मगात साबणाचं पाणी केलं, आणि ब्रशने मागच्या डाव्या पिशवीला लावलं. घडीवर बारीक बारीक बुडबुडे येऊ लागले.

"पंप मेला न्हाई, साहेब," ते म्हणाले. "पंपाला मारलंय. किती वजन टाकलं हुतं?"

वसंतरावांनी बालाजीकडे पाहिलं. बालाजी खाली बघत होता.

"सहा कट्टे," वसंतराव म्हणाले. "राशीच्या दिवशी."

ईश्वरप्पांनी ब्रश मगात ठेवला. "हे पयल्या दिशी सांगितलं असतं तर चार दिवसांचं काम हुतं बघा."

वसंतराव तिथल्या स्टुलावर बसले.

ईश्वरप्पांनी मला उघडलं. माझ्या पिस्टनची रिंग झिजली होती, आणि हवेतला ओलावा शोषणाऱ्या खड्यांचा चिखल झाला होता. त्यांनी रिंग बदलली, नवे खडे भरले, आणि चिरलेल्या पिशवीच्या जागी नवी बसवली. रात्रभर गाडी तशीच उभी ठेवली. सकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजली. कुठेही बोटभर फरक नव्हता. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "लई सोसलंय ह्यानं." एवढं कौतुक मला पुरेसं होतं.

पुढच्याच शनिवारी आम्ही निघालो. सरोजिनीबाई डावीकडे बसल्या. त्या चार किलोंनी कमी झाल्या होत्या. अहमदपूर मागे पडल्यावर वसंतराव पुढच्या सीटवरून, मागे न बघता म्हणाले, "अगं, ते कट्टे मीच टाकायला लावले होते. गॅरेजवाल्याशीही मी खोटंच बोललो." सरोजिनीबाईंचं वजन तेवढं खिडकीकडे सरकलं. मी एकही दणका त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही.

लातूरला अंगणात आक्का नव्हत्या. कुणीतरी त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. बालाजीने उजवं दार उघडलं. आक्कांनी वाकून आत पाहिलं, आणि परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, "या ना घरात. तुम्ही कुणाकडच्या?"

"आक्का, मी सरू."

"सरू शाळेत गेलीय," आक्का म्हणाल्या. "यायची वेळ झालीय तिची."

आणि त्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. सवयीने बालाजीने बटण दाबलं. मी हवा भरली. सरोजिनीबाई एकट्याच वर गेल्या.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र धापा टाकू लागलं, तर लगेच त्याच्यावर खापर फोडू नका. हवा जाते कुठून, ते आधी बघा. आणि आपल्या हातून काही झालं असेल, तर त्याच दिवशी सांगून टाका. आम्हाला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.

आम्ही अजून दर पंधरा दिवसांनी लातूरला जातो. बालाजी उजवं दार उघडून ठेवतो. मी हवा भरून तयार असतो.