कणगीमागचं औषध

उज्ज्वलाला दारू हा शब्द घरात नको होता. जव्हारच्या शाळेत ती पोरांकडून व्यसनमुक्तीची शपथ म्हणून घेई. तिच्याच घरी करवंदांची वाईन मुरतेय हे साखरशेत गावात कळलं असतं, तर त्या शपथेचं हसं झालं असतं. गावाला काय, चघळायला विषयच हवा. म्हणून तिनं वाईनचं नाव ठेवलं औषध. नवरा हरेश हसला. सासरे मंगळू यांनी नुसती मान डोलावली, आणि घरात तोच शब्द रुळला.

वाईन मात्र तिनं जिवापाड जपली होती. आधी फसफसणं पूर्ण थांबू दिलं, मगच गाळून बाटलीत भरली, वर हवा राहू नये म्हणून गळ्यापर्यंत भरली आणि बूच घट्ट बसवलं. उजेड नको, ऊब नको, सारखी हलवाहलव नको. घरातली सगळ्यात गार आणि अंधारी जागा नाचणीच्या कणगीमागची. तिथं तिनं बाटली ठेवली. दिवाळीला उघडायची असं ठरलं होतं.

भाद्रपदात एके दिवशी मधल्या सुट्टीत शेजारच्या सुकरीचा फोन आला.

"बाई, तुमचा म्हातारा औषध पिला! कणगीमागलं. उलट्या करतोय."

उज्ज्वलाला हसूच आलं. सर्दीखोकल्यानं बेजार झालेल्या सासऱ्यांना शेवटी राहवलं नाही तर!

"पिऊ देत गं. पडून राहू देत, उतरेल."

"उतरंल?" सुकरीचा आवाज चिरकला. "अवो, भातावर मारायचं औषध हाय ते! आमच्या देवानंदानं काल तुमच्या वाट्याचं बाटलीत वतून आणलं. औषध कुठं ठिवू इचारलं, तं म्हाताराच बोलला, आमच्यात औषध कणगीमागं ठिवतात."

एका नावाच्या दोन बाटल्या, एकाच अंधारात.

"कुठली बाटली प्यायले? लाल होती का?"

"माणसाला धरू का बाटल्या बघू, बाई? देवानंद जीप घिऊन आलाय. दवाखान्यात आणतो."

ती शाळेतून निघाली ती सरकारी दवाखान्याच्या दारातच येऊन उभी राहिली. साखरशेतच्या रस्त्यानं येणारी प्रत्येक जीप तिला सासऱ्यांचीच वाटे, आणि ती पुढे निघून गेली की उज्ज्वला पुन्हा रस्त्याकडे बघे. लोक काय म्हणतील, या भीतीनं ठेवलेलं नाव म्हाताऱ्याच्या मुळावर आलं होतं. आता लोक काय वाटेल ते म्हणोत, पण माणूस जगू दे.

जीप आली. देवानंदानं मंगळूंना खांद्यावर घेऊनच आत आणलं. त्यांचे डोळे मिटलेले, सदरा ओकारीनं भिजलेला.

"काय घेतलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"औषध," देवानंद म्हणाला.

"दारू!" उज्ज्वला ओरडली. बाकावर तिच्या वर्गातल्या मुलांच्या आया बसल्या होत्या. त्या वळून बघायला लागल्या. "दारू आहे, डॉक्टर. माझ्या घरातली, मी केलेली. देवा, दारूच असू दे रे!"

डॉक्टरांनी मंगळूंच्या तोंडाचा वास घेतला. सदऱ्यावरचा लाल डाग बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"दारूच आहे हो," ते म्हणाले. "वय झालंय, झेपली नाही. सलाईन लावू." आणि ते पुढच्या पेशंटकडे निघाले.

उज्ज्वला मटकन खाटेच्या कडेला बसली. ती रडत होती आणि हसतही होती. देवानंदानं कपाळाचा घाम पुसला. तेवढ्यात मंगळूंनी डोळे उघडले.

"रागवू नको, पोरी," ते पुटपुटले. "खोकला लय झाला व्हता. नाकाला वास कळंना. पयली बाटली कडूजहर लागली, म्हून तोंड गोड कराया दुसरी घेतली."

डॉक्टर दारात थांबले. झपाझप परत आले आणि मंगळूंवर वाकले.

"बाबा, ती पहिली थुंकलात ना? गिळली नाही ना?"

मंगळूंनी आधी डॉक्टरांकडे, मग सुनेकडे पाहिलं. असं काय विचारतात, हेच त्यांना कळेना.

"औषध कोन थुकतं, सायेब?"