वळणावर दिसलेला शेवटचा डबा

जालिंदरनं मोहोळच्या बाजूला बत्तीस वर्षं रेल्वेचे रूळ सांभाळले. हातोडा खांद्यावर टाकून रोज मैलोगणती चालायचं, रूळ घट्ट धरणारी लोखंडी चावी ढिली झाली की ठोकायची आणि गाडी आली की बाजूला उभं राहायचं. गाड्या त्यानं हजारो बघितल्या, पण सगळ्या बाहेरून. गंमत म्हणून तो कधी गाडीत बसलाच नाही. त्यामुळं तो निवृत्त झाल्यावर लेकीनं, धम्मप्रियानं, ठरवूनच टाकलं: आई-अण्णांना माथेरानच्या छोट्या गाडीतून फिरवून आणायचं.

जालिंदरच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, साफ नकार दिला. तिला उंचीचं भारी भ्या. गच्चीवर पापड घालतानासुद्धा ती कठड्याच्या जवळ जात नसे.

"तुमी दोघं जावा. मी सोलापुरातच बरी हाय."

"आई, लई सावकाश जाती ती गाडी. चालणारा माणूस पुढं जाईल."

शेवटी शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घेऊन तीही निघाली.

नेरळला गाडी बघून जालिंदर हरखला. खाली वाकून त्यानं रुळांमधलं अंतर वितीनं मोजलं. "अगं, दोन फूटच हाय की! आमच्या गँगमधल्या बिभीषणला सांगितलं तर खरं वाटायचं न्हाय त्याला."

गाडी डोंगर चढायला लागली तशी चांगुणाबाईनं खिडकीकडं पाठ केली, बाकाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. जालिंदर शेजारी बसून रुळाबद्दल काहीबाही सांगत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. मधल्या स्टेशनात गाडी थांबली. "जरा रूळ बघून आलोच," म्हणत तो उतरला.

शिट्टी झाली. गाडी हलली. चांगुणाबाईनं डोळे उघडले तर शेजारची जागा रिकामी.

"अवो, थांबवा की गाडी! आमचं माणूस खाली राहिलंय!"

धम्मप्रियानं घाईघाईनं अण्णांना फोन लावला. तो बाकाखालच्या पिशवीतच वाजला.

चांगुणाबाई ताडकन उठली. समोरच्या बाईला "सरका जरा" म्हणत ती थेट खिडकीशी गेली. तेवढ्यात वळण आलं आणि गाडी विळ्यासारखी वाकली. शेवटचा डबा समोर दिसायला लागला. त्याच्या खिडकीत जालिंदर बसलेला! रुळावर काम करणाऱ्या माणसाशी बोलता बोलता गाडी सुटली, तसा तो जवळच्या डब्यात चढला होता. तिला बघून त्यानं टोपी हलवली.

"वर पोचू द्या, मग बघते तुमाला!" ती ओरडली. दोन्ही डब्यांतली माणसं खो खो हसायला लागली.

वळण संपलं, शेवटचा डबा झाडीआड गेला. चांगुणाबाईच्या ध्यानात आलं, आपण खिडकीत उभ्या आहोत आणि खाली सगळी दरी पसरली आहे. गावं काडेपेटीएवढी दिसत होती. पण आता डोळे मिटावेसे वाटले नाहीत. पुढच्या वळणावर तिनं आधी हात हलवला. त्याच्या पुढच्या वळणावर तर ती वाटच बघत होती.

पुढं गाडी थांबली तेव्हा जालिंदर धावतपळत आपल्या डब्याकडं आला. चेहरा पडलेला, बोलणी खायच्या तयारीनं.

"चुकलं माझं, चांगुणा."

"ते बघू नंतर. तुमी तितंच जावा परत."

"रागावलीस व्हय?"

"न्हाय वो. तुमी हितं बसल्यावर वळणावर मी हात कुणाला दाखवू?"

 जालिंदर टोपी सावरत, हसत मागं निघून गेला.

माथेरानला उतरल्यावर तांबड्या मातीच्या वाटेवर चांगुणाबाई सगळ्यांच्या पुढं. लेकीला विचारत होती, सगळ्यात उंच जागा कुठली, कडेला उभं राहता येतं का. जालिंदर मागं स्टेशनातच रेंगाळला होता.

"अवो, चला की लवकर," ती मागं वळून म्हणाली, "कडा बघायचाय मला."