एकवीस शेंदरी बोटं

वैशाखाच्या उन्हाने सडा, वाडीच्या वरचं ते उघडं कातळी पठार, असा तापला होता की अनवाणी पाय टेकला तर फोड यावा. तरी सातेरीच्या तळीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. दरसाल होळीनंतर कोरडी पडणारी ही तळी. यंदा मात्र तिच्या जांभ्याच्या भिंतीतून, बोटभर फटीतून, धार लागली होती. वर पांढरा फेस, आणि नाक जवळ नेलं तर मंद सुवास.

"दूध गे माये, दूध!" हरिश्चंद्रबाबा दोन्ही हात वर करून गरजला. "सातेरीक पान्हो फुटलो! आणि वास कसलो? केवड्याचो! देवीच्या वेणयेतलो! व्हय काय नाय?"

"व्हय म्हाराजा!" वाडी एका सुरात म्हणाली.

धोंडू आपल्या लेकीला, दीपिकाला, खांद्यावर घेऊन पुढे सरकला. "बाबा, चेडवाचे डोळे पिवळे झालेत. तीन दिवस पेज पोटात रवणा नाय."

"मेल्या, मगे रडतस कित्या? देवीचो भंडारो अंगात उतरलो आसा तिच्या! आणखी एक गडू पाज."

धोंडूने हात जोडले. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या विमलकाकीनेही जोडले. पण त्या पोरीचे डोळे तिला दिवसभर दिसत राहिले.

विमलकाकीचं व्रत चालू होतं. पहाटे आंघोळ, मग तेलात कालवलेला शेंदूर घेऊन तळीवर यायचं आणि तळीतलं पाणी जिथवर चढलं असेल तिथे भिंतीवर एक बोट उमटवायचं. रोज कालच्या बोटाच्या शेजारी. तोवर तोंडात पाण्याचा थेंब नाही. हे सगळं सुनेसाठी. अनुजाची कूस दोनदा रिकामी झाली होती. आता सातवा महिना लागला होता. एकवीस बोटं पुरी झाली की बाबांच्या हातून अनुजाने तीर्थ घ्यायचं, असा संकल्प होता. आज विसावं बोट झालं होतं. उद्या शेवटचं.

उन्हं कलल्यावर आकांक्षा आली. उपकेंद्रातली आरोग्यसेविका, दीपिकाला तपासून तशीच तळीवर उतरली होती. ती पाण्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिली.

"काकी, ही बोटां तुमची? रांग सरळ कशी नाय?"

"पाणी असात तसा बोट. शनवार-आयतवारी देवी भरभरून देता गो. भक्त येतत म्हणान, असा बाबा सांगतत."

"भक्त येतत ता खरा. पण ते उतरतत खंय?"

विमलकाकीने मान वर केली. तळीच्या बरोबर डोक्यावर, सड्यावर, धनेशचं नवं होमस्टे. आठ खोल्या, आठ न्हाण्या. बाबाचा मुक्कामही तिथेच. तिथे रोज सकाळी घावणे पुरवायची ती विमलकाकीच. शनिवारी शंभर, बुधवारी पंधरा. तिची नजर परत भिंतीवर आली. शंभर घावण्यांची बोटं वर, पंधरा घावण्यांची खाली. एकही बोट चुकलं नव्हतं.



"काकी, दीपिकाची कावीळ घाणीच्या पाण्याची असा माका वाटता," आकांक्षा हळू आवाजात म्हणाली. "ती पोटुशी बाईक झाली तर बाई आणि बाळ, दोघांच्याय जिवाक धोको. उद्या अनुजा ह्या पाणी पितली?"

विमलकाकीला गेल्या सालची ग्रामसभा आठवली. पंधरा घरं आणि धनेशचं होमस्टे, सगळ्यांचं सांडपाणी एका बंद पाइपातून खाली न्यायचं, सामायिक टाकीत निवळवायचं, कर्दळीच्या वाफ्यातून गाळून माडांना सोडायचं, असा बेत होता. धनेश म्हणाला होता, माझी सोय मी करतंय. पण सगळ्यात मोठा आवाज चढला होता तो एरवी कुजबुजत बोलणाऱ्या विमलकाकीचा. "परक्याच्या न्हाणयेचा पाणी माझ्या तुळशीखालसून जावक दिवचंय नाय!" बेत तिथेच मोडला होता.

आकांक्षाने पर्समधून पुडी काढली. "नळाची गळती शोधूचो रंग. पाण्यात पडलो की हिरवोगार. माका थंय कोण आत घेवचो नाय. तुमका कोण अडवणार नाय."

"आणि दिसतलो कधी?"

"ता सांगूक येवचा नाय. तासाभरात, नायतर दिसभरान."

विमलकाकीने पुडी पदराच्या गाठीत बांधली. देवीची परीक्षा घ्यायची? ती मनातल्या मनात म्हणाली, आई, तुझंच पाणी असेल तर रंग येणार नाही. आणि आलाच, तर तो तूच दाखवलास असं मी समजेन.

दुसऱ्या दिवशी एकविसावं बोट उमटवून ती टोपली घेऊन सड्यावर गेली. बाबाच्या खोलीत घावणे ठेवताना पलंगाखाली विकतच्या पाण्याचे दोन खोके दिसले. मागच्या संडासात जाऊन तिने पुडी रिकामी केली आणि तीनदा पाणी सोडलं.

दारात धनेश उभा. "काकी, थंय काय करतास?"

व्रताच्या दिवशी खोटं बोलायचं नव्हतं. तिने नळाखाली हात धरले. "हात धुतंय रे."

दुपारी बारा वाजता धार पांढरीच होती. तीन वाजता पांढरी. चारला ढोल वाजला.

अनुजाला पाटावर बसवलं. बाबाने देवीला गाऱ्हाणं घातलं, वाडी "व्हय म्हाराजा" म्हणाली, आणि फेसाळ पाण्याने भरलेली पळी अनुजाच्या ओंजळीकडे वळली. विमलकाकीने भिंतीकडे पाहिलं. पांढरी.

"बाबा," तिचा आवाज जेमतेम फुटला, "आधी तुमी घेवा."

"माझो उपास! सूर्य बुडाल्याशिवाय पाण्याक शिवणंय नाय मी."

"चाळीस वर्सां उपास करतंय मी. तीर्थान उपास मोडता, ह्या आजच कळला."

मागून कोणीतरी फिस्स करून हसलं. बाबाचे डोळे फिरले. "संशय! देवी कोपतली! पी गो चेडवा!"

पळी कलंडली. अनुजाने ओंजळ तोंडाकडे नेली. आणि विमलकाकीने तिची मनगटं धरून ओंजळ जमिनीवर उपडी केली.

"आये!" अनुजा किंचाळली.

"म्हातारेक भूत लागला! धरा तिका!" एकच गलका उठला. दोघे-तिघे पुढे धावले. विमलकाकी सुनेला पाठीशी घालून भिंतीला टेकून उभी राहिली. तेवढ्यात धोंडू ओरडला, "रवा! भिंतीकडे बघा!"

फटीतून हिरवी धार उतरत होती. पोपटाच्या पंखासारखी हिरवी.

बाबा क्षणभर गडबडला, पण क्षणभरच. "शालू! देवीन हिरवो शालू नेसल्यान! व्हय काय नाय?"

वाडी 'व्हय' म्हणायच्या आत विमलकाकी बोलली.

"तो शालू मी धाडलंय, बाबा. सकाळी आठ वाजता, धनेशच्या मागच्या संडासात."

ढोलवाल्याच्या हातातली काठी गळून पडली. एक बाई तोंडाला पदर लावून माडाखाली धावली.

मग आकांक्षाने पुढे येऊन सांगितलं. वर धनेशने कातळात नुसता खड्डा खणलाय, आतून बांधलेला नाही. जांभा म्हणजे चाळण. खड्ड्यातलं सगळं झिरपत इथे उतरतं. पान्हा म्हणजे शाम्पूचा फेस, केवडा म्हणजे साबणाचा वास. पाहुणे वाढले की देवी पावते, कमी झाले की रुसते. पुरावा हवा तर काकीची एकवीस बोटं मोजा.

"आणि बाबा स्वतः काय पितत?" विमलकाकी म्हणाली. "पलंगाखाली खोके आसत, बघून येवा."

धनेशने मान खाली घातली. बाबा झोळी सावरत उतरणीला लागला होता. पोरं त्याच्या मागे "व्हय म्हाराजा" ओरडत धावली. धोंडू दीपिकाला घेऊन आकांक्षाच्या स्कूटरवर बसला.

उरलेली माणसं कुणाकडे बघावं ते न कळून उभी होती. विमलकाकीने पदर खोचला आणि देवळाकडे तोंड केलं. वाडीत बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"बा देवा म्हाराजा! आई सातेरी! एकमेकांचा पाणी दारातसून नको, म्हणान आमी भांडलो, आणि ताच पाणी तीर्थ म्हणान प्यालो. पयली चुकलंय ती मी. तू डोळे दिल्यास ते बघूक, नाक दिलास ता हुंगूक, आणि टकली दिलीस ती नुसती वाकवूक नाय. उकळल्याशिवाय, तपासल्याशिवाय कोणी सांगता म्हणान पाणी पिवचंव नाय, अशी बुद्धी दी. सगळ्यांच्या सांडपाण्याची लाइन एक होवंदे. आणि ती माझ्या तुळशीखालसून जावंदे."

"व्हय म्हाराजा," अनुजा म्हणाली. मग वाडी म्हणाली.

सगळ्यांचा आवाज विरल्यावर, मागून, एकट्याचा, धनेशचा आला. "व्हय म्हाराजा."